अक्षरे युनिकोडमध्ये आली, रचना अजून यायची आहे

मुंबईच्या चारकोपमधल्या कुठल्याही गृहनिर्माण संस्थेच्या फळ्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक कागद लागतो: वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि सभासदांच्या हाती सूचना चौदा दिवस आधी पडायला हवी असते. कागदाचा साचा ठरलेला आहे. वर संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक, त्याखाली 'सूचना', मग सभेची तारीख, वेळ, ठिकाण, मग क्रमांक घातलेले विषय, सोबत ताळेबंद आणि जमाखर्च. शेवटी 'व्यवस्थापक समितीच्या आदेशावरून' सचिवांची सही, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल ही टीप. फळ्यापुढे उभा राहणारा सभासद हा कागद ओळीने वाचत नाही. त्याची नजर आधी तारखेवर जाते, मग विषय क्रमांक पाच-सहावर, मग दुरुस्ती निधीच्या रकमेवर.

हीच सूचना वेबपानावर टाकायची म्हटली तर दोन रीतींनी टाकता येते. पहिल्या रीतीत सगळा मजकूर 'डिव्ह' नावाच्या, काहीही अर्थ नसलेल्या खोक्यांत भरायचा. संस्थेचे नाव मोठे आणि ठळक करायचे, विषयांपुढे '१)', '२)' हाताने टंकायचे, ताळेबंदाचा फोटो काढून चिकटवायचा, आणि 'उपस्थिती कळवा' हे शब्द निळ्या चौकोनात घालून त्यावर क्लिकची आज्ञा जोडायची. दुसऱ्या रीतीत शीर्षकाला 'एच१', पोटशीर्षकांना 'एच२', विषयांना क्रमवार यादीचा 'ओएल', ताळेबंदाला 'टेबल', तारखेला 'टाइम' आणि कळवायच्या जागेला 'बटन' हा टॅग लावायचा. सीएसएसने रंग आणि आकार जुळवले की पडद्यावर दोन्ही पाने हुबेहूब सारखी दिसतील. मग दुसऱ्या रीतीचा आग्रह कशासाठी, तो किती धरायचा, आणि कुठे सोडला तरी चालेल, यावर वेब बनवणाऱ्यांत तीस-पस्तीस वर्षे वाद चालू आहे. त्याचा हा आढावा आहे. मराठी पानांच्या बाजूने तो क्वचितच घेतला जातो, म्हणून भर त्या बाजूवर दिला आहे.

फरक पाहायचा तर कानांनी पाहावा लागतो. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे साधन आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये तो उभा केला, आणि ईस्पीक या मुक्त आवाजामुळे तो मराठीही बोलतो. त्याची रीत सोपी आहे. पानावर असताना 'एच' ही कळ दाबली की पुढचे शीर्षक, 'टी' दाबली की पुढचा तक्ता, 'बी' दाबली की बटन, 'एल' दाबली की यादी, 'एफ' दाबली की अर्जातला पुढचा रकाना. फळ्यासमोर नजर जशी उड्या मारते तशाच या कळा उड्या मारतात. पहिल्या रीतीने बनवलेल्या सूचनेवर 'एच' दाबा. पुढे शीर्षक नाही, असे उत्तर येते. 'टी' दाबा, तक्ता नाही. 'बी' दाबा, बटन नाही. मग वाचणाऱ्याने खालच्या बाणाची कळ धरून एकेक ओळ ऐकत बसायचे. ताळेबंदाच्या फोटोपाशी आला की फार तर फाइलचे नाव ऐकू येते, रक्कम एकही नाही. निळा चौकोन तर टॅब कळीला सापडतच नाही, कारण 'डिव्ह'वर कीबोर्डचा फोकस आपोआप येत नाही.

दुसऱ्या पानावर त्याच कळा चालतात. यादीत शिरताना घटक किती आहेत ते आधी सांगितले जाते, म्हणजे विषय आठ आहेत की अठरा याचा अंदाज पहिल्याच क्षणी येतो. तक्त्यात कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणाची कळ दाबली की एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता येते. रकान्यांची आणि ओळींची नावे 'टीएच' या टॅगमध्ये असतील तर प्रत्येक आकड्याआधी 'दुरुस्ती निधी', 'चालू वर्ष' असे ऐकू येते. नावे नुसती ठळक केलेल्या साध्या 'टीडी'त असतील तर फक्त आकडे ऐकू येतात, आणि मागील वर्षाचा कोणता, चालू वर्षाचा कोणता, हे ऐकणाऱ्याने बोटांवर मोजायचे. ताळेबंदावर सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क त्या सभासदालाही आहे. तो हक्क त्याला वापरता येईल की नाही, हे इथे एका टॅगच्या निवडीवर ठरते.

अमेरिकेतली वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी दर काही वर्षांनी करते. लांब पानावर हवी ती माहिती आधी कशी शोधता, या प्रश्नाला दहातले सुमारे सात जण शीर्षकांवरून शोधतो असे उत्तर देतात. पाहणी अमेरिकी संस्थेची असली तरी कळा सगळीकडे त्याच आहेत.

आता हे टॅग आले कुठून ते थोडक्यात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संशोधन संस्थेतून एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेचे जे पहिले टिपण काढले त्यात अठरा टॅग होते. बरेचसे सर्नमध्ये आधीपासून वापरात असलेल्या एसजीएमएल या दस्तऐवज-पद्धतीतून उचललेले होते. शीर्षक, परिच्छेद, यादी, पत्ता, दुवा अशी ती सगळी भूमिकांची नावे. रंगाचा किंवा अक्षराच्या मापाचा टॅग त्यात नव्हता. दिसण्याचा हव्यास नंतर आला. ब्राउझर कंपन्यांच्या चढाओढीत 'फॉन्ट' आणि 'सेंटर' आले, आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये त्यांना अधिकृत जागाही मिळाली. खरे तर डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती निघून दिसण्याची वेगळी सोय झाली होती, आणि डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ ने 'फॉन्ट'ला निवृत्तीची नोटीस दिली. पण सवय लागून गेली होती. तक्त्यांच्या अदृश्य कप्प्यांत अख्खे पान बसवायची पद्धत पुढची कित्येक वर्षे चालली. २००३ मध्ये डेव्ह शे यांच्या 'सीएसएस झेन गार्डन'ने एकच एचटीएमएल फाइल ठेवून नुसते सीएसएस बदलून डझनावारी वेगवेगळी पाने दाखवली, तेव्हा रचना आणि रूप खरोखर वेगळे ठेवता येतात हे सामान्य डिझायनरला पटले.

एचटीएमएल५ ची गोष्ट वेगळी. त्यातले नवे टॅग कोणी खुर्चीत बसून सुचवले नाहीत. इयन हिक्सन यांनी गूगलमध्ये असताना अब्जाहून अधिक पाने तपासली आणि लोक 'डिव्ह'ना कोणती नावे देतात ते मोजले. 'फूटर', 'मेन्यू', 'हेडर', 'नॅव' ही नावे यादीत वर आली. लोक हाताने जे लिहीत होते त्यालाच टॅगचा दर्जा मिळाला. २८ ऑक्टोबर २०१४ ला हे मानक पक्के झाले.

टॅगांची ही घडामोड चालू असताना मराठी वेब दुसऱ्याच लढाईत गुंतला होता. नव्वदच्या दशकातली मराठी पाने ज्या फॉन्टांत बनत, त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची वळणे बसवलेली असत. पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतेच रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट निराळा. तो उतरवून घेतला नाही तर पान म्हणजे चिन्हांचा कचरा. एका साइटवरचा मजकूर दुसरीकडे चिकटवता येत नसे, शोधता येत नसे, वर्णानुक्रमे लावता येत नसे आणि यंत्राकडून वाचून घेता येत नसे. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोज २००० आणि एक्सपी येईपर्यंत ती सामान्य माणसाच्या मशीनवर धड उमटत नव्हती. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्येच, आणि पुढच्या काही वर्षांत वृत्तपत्रेही एकामागून एक त्या वाटेने आली.

ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना हा लेख अर्धा आधीच कळलेला आहे. डोळ्याला मराठी दिसणे म्हणजे यंत्राला मराठी कळणे नव्हे, हे आपण अक्षरांच्या पातळीवर भरपूर किंमत मोजून शिकलो. ठळक आणि मोठ्या अक्षरातल्या 'डिव्ह'ला शीर्षक समजणे ही तीच चूक, फक्त एक मजला वर. अक्षर कोणते हे आता यंत्राला कळते. ते अक्षर शीर्षकात आहे, यादीत आहे की बटनावर आहे, हे बहुतेक मराठी पाने अजून सांगत नाहीत.

चारकोपच्या माणसाला यातला फायदा लवकर समजावा. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प आला तेव्हा इथे म्हाडाने आधी आखणी केली: सेक्टर, छोटे भूखंड, मधले चौक, रस्ते, पाणी, गटारे. घरे लोकांनी आपापल्या ऐपतीने नंतर बांधली. एका खोलीची दोन मजली झाली, रंग बदलले, ग्रिल आले, पण सेक्टर आणि प्लॉट सांगितला की पोस्टमन आजही दारात येतो. पानाची रचना अशी आधी आखलेली असली की त्यावरचे रूप कितीही वेळा बदलता येते.

आता वादाचे मुद्दे. सगळे टॅग सारख्या मोलाचे नाहीत, आणि हे उघडपणे न सांगितल्यामुळे नव्या मुलांचा फार वेळ वाया जातो. मजकूर 'सेक्शन'मध्ये घालावा की 'आर्टिकल'मध्ये यावर पोरे तासन्‌तास भांडतात. नाव न दिलेला 'सेक्शन' स्क्रीन रीडरच्या लेखी 'डिव्ह'इतकाच मुका असतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. एचटीएमएल५ ने एक मोठे आश्वासनही दिले होते: प्रत्येक 'सेक्शन'मध्ये 'एच१'च वापरा, पातळी ब्राउझर स्वतः मोजेल. एकाही ब्राउझरने ती मोजणी अमलात आणली नाही, आणि २०२२ मध्ये तो भाग मानकातून काढून टाकला गेला. मधल्या काळात त्या भरवशावर लिहिलेली पुस्तके आणि शिकवण्या मात्र अजून फिरत आहेत. म्हणून शीर्षकांच्या पातळ्या स्वतःच मोजायच्या: पानाला एक 'एच१', त्याच्या पोटात 'एच२', त्याच्या पोटात 'एच३'. वर्डप्रेससारख्या साधनात आकार आवडला म्हणून 'हेडिंग ४' निवडणारे संपादक पुष्कळ भेटतात. आकार बदलायला सीएसएस आहे.

मराठी विकिपीडियावर याचाच एक प्रकार दिसतो. तिथे ओळीच्या आधी आणि नंतर दोन-दोन बरोबरची चिन्हे दिली की खरे 'एच२' शीर्षक तयार होते, म्हणजे लेख लिहिणारा नकळत योग्य टॅग निवडतो. पण काही जण ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम टाकतात, कारण त्यानेही ओळ ठळक होते. प्रत्यक्षात त्यातून शीर्षक बनतच नाही. व्याख्या-यादीतली, म्हणजे 'डीएल'मधली, व्याख्या नसलेली संज्ञा बनते. ती 'एच' कळीला कधीच सापडत नाही.

दुसरा वाद एआरआयएचा. 'डिव्ह'लाच भूमिका, नाव आणि स्थिती चिकटवायची ही पूरक पद्धत २०१४ मध्ये मानक झाली. जिथे एचटीएमएलमध्ये योग्य टॅगच नाही, तिथे तिचा आधार लागतो. पण तिचा पहिला नियमच असा आहे की मूळ टॅग उपलब्ध असेल तर तोच वापरा. 'डिव्ह'ला 'मी बटन आहे' असे लेबल लावल्याने टॅब कळ, एंटर आणि स्पेस यांची कामे आपोआप येत नाहीत, ती हाताने लिहावी लागतात आणि कुणीतरी त्यातली एक विसरतेच. वेबएम दरवर्षी जगातल्या आघाडीच्या दहा लाख मुखपृष्ठांची यांत्रिक तपासणी करते. एआरआयए वापरणाऱ्या पानांत त्यांना चुका सरासरीने सुमारे दुप्पट सापडतात. अशी पाने मुळातच गुंतागुंतीची असतात हे खरे, पण या औषधाने रोग बरा झालेला नाही एवढे नक्की.

त्याच तपासणीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. २०२५ मध्ये ९४.८ टक्के मुखपृष्ठांत सापडण्याजोगी चूक होती, आणि वर्षानुवर्षे त्याच सहा चुका वर राहतात: फिकट अक्षरे, चित्राला पर्यायी मजकूर नाही, अर्जातल्या रकान्याला लेबल नाही, रिकामा दुवा, रिकामे बटन, आणि पानाची भाषा सांगितलेली नाही. पहिली सोडली तर उरलेल्या पाचही रचनेच्या टॅगांशी आणि त्यांच्या गुणधर्मांशी संबंधित आहेत. एकही अशी नाही जिला नवे तंत्रज्ञान लागते. 'लेबल' हा टॅग एचटीएमएल ४ पासून, म्हणजे १९९७ पासून हाताशी आहे.

गूगलमध्ये वर येण्यासाठी अर्थपूर्ण टॅग वापरा, असाही एक प्रचार चालतो. शीर्षक आणि दुवा नीट असले की शोधयंत्राला मदत होते हे खरे, पण 'आर्टिकल' लावला की क्रमांक वर जातो असे समजणे भाबडेपणाचे आहे. ग्राहकाला पटवण्यासाठी हे कारण सोपे पडते म्हणून ते पुढे केले जाते. खरे कारण वाचणारा माणूस आहे, आणि तेच सांगावे.

मराठी पानांचे काही प्रश्न इंग्रजी पुस्तकांत येतच नाहीत. पहिला भाषेचा. पानाच्या सुरुवातीच्या टॅगवर 'लँग' नावाचा गुणधर्म असतो, मराठीसाठी त्याचे मूल्य 'एमआर'. तयार साचा घेऊन बनवलेल्या पानांवर तो 'ईएन' म्हणजे इंग्रजीच राहून जातो. मग कित्येकदा इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला निघतो आणि ओळी गाळतो किंवा अक्षरांची नावे घेत सुटतो. हिंदी लिहिले असेल तर हिंदी आवाज येतो, आणि 'चमचा'तला 'च' नि 'बाळ'मधला 'ळ' यांची दशा होते. 'एमआर' लिहिण्याचा डोळ्यांनाही फायदा आहे. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत. ज्या फॉन्टांत दोन्ही वळणे भरलेली आहेत, तिथे ब्राउझर हा गुणधर्म पाहून मराठी वळण निवडतो. मराठी मजकुरात मध्येच इंग्रजी उतारा आला तर तेवढ्या भागावर 'लँग' वेगळा द्यायचा. गोव्यात कोकणी आणि मराठी एकाच पानावर नांदतात तिथेही हेच.

दुसरा प्रश्न भर देण्याचा. 'ईएम' म्हणजे बोलताना ज्या शब्दावर जोर येतो तो, 'स्ट्राँग' म्हणजे महत्त्वाचे किंवा इशाऱ्याचे. इंग्रजीत 'ईएम' तिरपा दिसतो. देवनागरीत तिरप्या वळणाची परंपरा नाही, आणि फॉन्टमध्ये ते नसले की ब्राउझर सरळ अक्षरच मोडून वाकवतो. शिरोरेघ, वेलांट्या, रफार सगळे कलंडते. म्हणून मराठी संपादक 'ईएम' टाळतात आणि नुसता ठळक करणारा 'बी' लावतात. तसे करायची गरज नाही. टॅग 'ईएम'च ठेवावा आणि सीएसएसमध्ये मराठीसाठी एक ओळ लिहून तो सरळ आणि किंचित ठळक करावा. आपल्या छापखान्यांनी हेच केले आहे.

याद्यांचेही तसेच. शासन निर्णयात आणि संस्थांच्या कागदांत '१', '२' किंवा 'अ', 'ब', 'क' असा क्रम लागतो, आणि 'ओएल' आपोआप इंग्रजी आकडे देतो म्हणून लोक आकडे हाताने टंकतात. देवनागरी अंकांची क्रमवारी सीएसएसमध्ये तयार आहे, सर्व प्रमुख ब्राउझर ती जाणतात, आणि 'अ', 'ब', 'क' साठी स्वतःची क्रमशैली चार ओळींत ठरवता येते. मध्ये एक विषय वाढला तर पुढचे सगळे क्रमांक आपोआप सरकतात. हाताने टंकलेल्या यादीत विषय क्रमांक सात दोनदा आलेला प्रत्येक सचिवाने पाहिला आहे.

'टाइम' हा टॅग मला खास मराठीसाठी केल्यासारखा वाटतो. दिसायला 'चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १९४७' लिहावे आणि आतल्या गुणधर्मात ३० मार्च २०२५ ही तारीख इंग्रजी अंकांत, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी. वाचणाऱ्याला तिथी मिळते, यंत्राला तारीख मिळते. पंचांग, जत्रा, पुण्यतिथ्या आणि उत्सव यांची एवढी पाने मराठीत असताना हा टॅग जवळजवळ कुठेच दिसत नाही.

उलट 'अ‍ॅड्रेस' हा टॅग भलत्या जागी दिसतो. नाव ऐकून लोक तो प्रत्येक टपाली पत्त्याला लावतात. त्याचे काम तेवढे नाही. त्या पानाच्या किंवा लेखाच्या जबाबदार माणसाशी संपर्क कसा करायचा, ते सांगणारा तो टॅग आहे. सभेच्या सूचनेत सचिवांचा संपर्क 'अ‍ॅड्रेस'मध्ये शोभतो, सभागृहाचा पत्ता साध्या परिच्छेदात.

अर्जांच्या बाबतीत एक बारीक पण जाचक गोष्ट. चारकोपचा पिनकोड ४०००६७. मराठी कीबोर्डवरून तो देवनागरी अंकांत भरला की अंकांचाच रकाना म्हणून नेमलेला 'इनपुट' तो बहुधा नाकारतो, कारण त्यामागची तपासणी फक्त इंग्रजी अंक ओळखते. पिनकोड ही मोजायची संख्या नसतेच. त्याला साधा मजकुराचा रकाना द्यावा, अंकांचा कीपॅड उघडण्याची सूचना वेगळी द्यावी, आणि आलेले देवनागरी अंक सर्व्हरने मुकाट बदलून घ्यावेत. शिवाय रकान्याचे नाव 'लेबल'मध्ये हवे. रकान्यातच फिकट अक्षरांत लिहिलेले नाव टंकायला लागताच नाहीसे होते. आडनाव आधी की स्वतःचे नाव आधी, हा घोळ आपल्याकडे मुळातच असतो. त्यात नावच दिसेनासे झाले की डोळसांच्याही चुका होतात.

काही ठिकाणी एचटीएमएल तोकडे पडते हेही मान्य करावे. ओवीसाठी, अभंगासाठी त्यात टॅग नाही. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या आसपास ओव्या वेबवर ठेवायच्या तर प्रत्येक ओवी एक परिच्छेद, आतल्या चरणांना ओळ तोडणारा 'बीआर', आणि अध्याय-ओवी क्रमांकाचा 'आयडी' एवढेच करता येते. 'बीआर'ची योग्य जागा हीच. दोन परिच्छेदांत अंतर पाडायला तो वापरणे चूक. क्रमांकाचा 'आयडी' मात्र विसरू नये, कारण ओवीचा हवाला देणाऱ्याला थेट त्या ओवीवर नेता येते. शब्दकोशांसाठी 'डीएल' चपखल बसतो, आणि मराठीला मोल्सवर्थपासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत असा मजकूर कमी नाही.

कायद्याची बाजू आता पुरेशी भक्कम आहे. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ चा. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत, असे सांगितले. प्रज्ञा प्रसून खटल्यात ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानंतर दाखले आणि अर्ज 'आपले सरकार'सारख्या पोर्टलवर गेले. २०११ च्या जनगणनेत राज्यात दृष्टिदोष असलेल्या व्यक्ती साडेपाच लाखांहून अधिक होत्या. सेवा वेबवर नेली की टॅगची निवड ही सेवेचीच अट होते.

मुंबईत या विषयातली माणसे शोधायला लांब जावे लागत नाही. वरळीला १९५२ पासूनची राष्ट्रीय अंधजन संघटना आहे, सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र आहे. पान बनवून झाल्यावर तिथल्या प्रशिक्षित वापरकर्त्यासमोर ते ठेवणे हे कुठल्याही स्वयंचलित तपासणीपेक्षा मोलाचे. आपल्याकडे संकेतस्थळांच्या निविदेत रंगसंगती आणि स्लाइडर यांच्या अटी सविस्तर असतात, अशा चाचणीची अट क्वचित.

जबाबदारी कुणाची, यावर माझे मत स्पष्ट आहे. वेबपाने बनवण्याच्या रिअ‍ॅक्टसारख्या साधनांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांत 'बटन' लिहिले तर 'बटन'च उमटते. दोष शिकवण्यात आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात एचटीएमएल५ आहे, आणि कांदिवली-मालाडच्या छोट्या वेब कंपन्यांत कामाला लागणारी कित्येक मुले तिथूनच सुरुवात करतात. त्यांना टॅगची यादी पाठ असते. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मात्र पान दिसते कसे यावर गुण मिळतात. शिक्षकांना एवढीच विनंती आहे की त्या गुणांपैकी थोडे गुण माऊस बाजूला ठेवून केलेल्या तपासणीला द्यावेत: टॅब कळीने सगळ्या दुव्यांवर, बटनांवर आणि रकान्यांवर जाता येते का, एनव्हीडीए लावून 'एच' दाबल्यावर शीर्षके क्रमाने येतात का, तक्त्यात आकड्याआधी रकान्याचे नाव ऐकू येते का, आणि पहिल्या टॅगवर 'एमआर' लिहिले आहे का. साधन मोफत आहे, मराठी बोलते, आणि ही तपासणी एका तासिकेत सगळ्या वर्गाची होते.